शोभेचा पट्टा

४ जानेवारी

ती. अक्कास,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझा खोकला कसा आहे ते आधी कळव, मग मला शिव्या दे. देशील हे नक्की. फोनवर तुला ऐकू येत नाही हे एका अर्थी बरंच आहे म्हणा, कागदावर तुझा आवाज जरा तरी दबतो.

वर्कशॉपमध्ये नवं गिऱ्हाईक आलंय. नवराबायको, दोघंही निवृत्त. तो दातांचा डॉक्टर, ती शाळेत भूगोल शिकवायची. नवी कोरी गाडी घेतली आहे आणि ती साठ वर्षांपूर्वीची दिसायला हवी आहे. डॉक्टर काही बोलत नाहीत, नुसते हसतात. बाईंकडे मात्र एक वही आहे. त्यात गाड्यांची चित्रं कापून चिकटवलेली आणि प्रत्येकाखाली लाल शाईत शेरा. दिव्यांवर लावायच्या पापण्यांना ‘बालिश’. चाकांवरच्या खोट्या आऱ्यांना ‘चालतील, चकाकी कमी हवी’. क्रोमच्या पट्ट्या एका बाजूला एकच, दोन म्हणजे सर्कस. लाकडासारखं दिसणाऱ्या प्लॅस्टिकला सरळ शून्य. बोलता बोलता मी एकदा चुकून वर्गातल्यासारखा हात वर केला, तेव्हा डॉक्टर पोट धरून हसले.

तर मुद्दा असा की बाईंना बॉनेटवरून आडवा जाणारा कातडी पट्टा हवाय, जुन्या शर्यतीच्या गाड्यांना असायचा तसा. बाजारात मिळतात ते रेक्झिनचे, दोन महिन्यांत साल सुटलेले. तू सुई खाली ठेवलीस हे ठाऊक आहे. पण बाईंनी आमच्या भिंतीवर बाबांचा आणि तुझा फोटो बघितला आणि विचारलं की ही मुलगी अजून शिवते का. मी काय सांगू?

आमची ही, म्हणजे तुझी वहिनी, तुझ्यासाठी लोकरीची टोपी विणते आहे, रंग भयंकर आहे, आधीच सांगून ठेवतो. लोभ आहेच, शिव्यांसकट पाठवावा.

तुझा,
धाकटा


११ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

खोकला आपल्या जागी आहे, मी माझ्या जागी आहे, आमचं बरं चाललंय. डॉक्टर म्हणतात कातडं चिकटवायच्या सोल्युशनच्या वासाने चाळीस वर्षांत फुप्फुसं झिजली. मी म्हटलं, झिजली ती कामाने झिजली.

आता तुझ्या गाड्यांविषयी. अरे, तुझं ते मागच्या बाजूला लावायचं स्टेपनीचं गोल झाकण, ज्याच्या आत स्टेपनीच नसते, ते मी अजून विसरलेले नाही. बडा घर पोकळ वासा! खोटे रिबिट चिकटवायचे, खोटी नळी लावायची, आणि वर म्हणायचं जुनी गाडी. बाबा असते तर त्यांनी तुला हातोडीच्या दांड्याने मोजला असता. गाडीवर दिसेल त्याने काम केलं पाहिजे, हे ते तुला सांगायचे तेव्हा तू पतंगाच्या मागे असायचास.

बाई बऱ्या वाटतात. पापण्यांना बालिश म्हणणारी बाई फसवी नसते. तिच्यासाठी मी पट्टा शिवीन. घरात अजून कातड्याचा एक उत्तम तुकडा गुंडाळून ठेवलाय, दोन सुयांनी, मेणाच्या दोऱ्याने शिवते. माझ्या शिलाईला तू आणि वहिनी दोघं लोंबकळलात तरी टाका हलणार नाही. पण अट एकच. पट्टा शोभेचा असेल तर मी शिवत नाही. खाली कंपनीचं कुलूप आणि वर माझं कातडं नुसतं मिरवायला, असलं काम मला सांगू नकोस. झाकण धरायचं तर माझ्या पट्ट्याने धरायचं.

टोपीचा रंग कसाही असो, पाठव, इथे कोण बघतंय. तब्येतीला जप आणि उत्तर लवकर लिही.

तुझी,
अक्का


१७ जानेवारी

ती. अक्कास,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र बाईंना वाचून दाखवलं. हातोडीच्या दांड्यापाशी त्या खूश झाल्या आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. तुझी अट त्यांना पूर्ण मान्य आहे. डॉक्टर म्हणाले, आमच्या घरात मान्य करायचं काम माझंच असतं.

आता एक अडचण आहे, नीट वाच. बॉनेटला एक कुलूप असतं आणि कुलूप सुटलंच तर झाकण उडू नये म्हणून खाली एक आकडा असतो, ज्याला आपण खिट्टी म्हणतो. मी गाडीला पुढून नवं लांब नाक बसवलंय, त्यामुळे कुलूप पोचत नाही, ते काढलं. तिथे तुझा पट्टा येईल. पण खिट्टी ठेवता येते. तिच्यासाठी फक्त पुढच्या जाळीतून बोटभर लोखंडी जीभ बाहेर काढावी लागेल. दिसायला वाईट दिसते, खोटं कशाला बोलू. बाई म्हणतात कोण वाकून बघणार आहे.

मला वाटतं पट्टा आणि खाली खिट्टी, दोन्ही असावं. पट्टा रोज कोण तपासणार? जुने ड्रायव्हर गाडी काढण्याआधी पट्ट्यावर हात मारून बघायचे, हे तर दातांचे डॉक्टर. तुला काय वाटतं ते कळव, तोवर मी जाळीला हात लावत नाही. आणि अक्का, जन्मात एकदा तरी लिही की धाकट्याचं खरं आहे. ते पत्र मी काचेच्या चौकटीत घालून बाबांच्या फोटोशेजारी टांगेन, पाहुण्यांना दाखवेन.

लोभ वाढवावा, पट्ट्यासारखा घट्ट करू नये.

तुझा,
धाकटा


२४ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पार्सल सोबत आहे. पट्टा दोन पदरी आहे, बक्कल पितळी, बाबांच्या डब्यातलं. भोकं सात पाडली आहेत, चौथ्यात लाव.

तुझं खिट्टीचं वाचलं. वाचून दोन दिवस लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर कागद फाटला असता. अरे, खाली खिट्टी ठेवायची म्हणजे माझ्या टाक्यांवर पहारेकरी बसवायचा. मग पट्ट्याने काय करायचं, वारा खायचा? तुझा ह्या वस्तूवर विश्वास नसेल तर ती तशीच गुंडाळून परत पाठव, मी तिचा पिशवीचा बंद करीन. लहानपणापासून तुझं हे असंच. सायकल शिकलास तरी मागची दोन चिमुकली चाकं सोडवेनात, शाळेतली पोरं हसली तेव्हा सोडलीस.

आणि ती जीभ जाळीतून बाहेर काढलीस, तर गाडीचा फोटो मला पाठवू नकोस. एवढं बोलून मी थांबते. वहिनीला सांग टोपी मिळाली, रंगाबद्दल मी मौन पाळते आहे.

आशीर्वाद आहेतच. राग पत्रासोबत संपला असं समज.

तुझी,
अक्का


९ फेब्रुवारी

ती. अक्कास,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

गाडी मागच्या आठवड्यात गेली. फोटो पाठवतोय, बिनधास्त बघ, जाळी स्वच्छ आहे. सायकलच्या चाकांचं लिहिलंस तेव्हा वहिनी मोठ्याने वाचत होती आणि माझे दोन्ही कारागीर ऐकत होते, त्यानंतर खिट्टी ठेवायची माझी काय टाप! काढली. नाक, पट्टा, बस्स.

खरं सांगतो, तीस वर्षांत इतकी देखणी गाडी माझ्या हातून गेली नव्हती. मलईसारखा पांढरा रंग, खाली गडद हिरवा, मधून हाताने ओढलेली एक रेघ. आणि तुझा पट्टा. बाईंनी त्यावरून तळहात फिरवला, बक्कल दोनदा उघडून लावलं आणि म्हणाल्या की ह्या गाडीवर एवढी एकच गोष्ट काम करते. डॉक्टर आता गाडी रोज सकाळी पाइपाने धुतात, स्वतः. बाई सांगत होत्या की चाळीस वर्षांत एक कप विसळला नाही ह्या माणसाने.

दोघं पंधरा दिवसांत लांब फिरायला निघणार आहेत. बाईंनी भूगोलात जे शिकवलं त्यातलं निम्मं कधी पाहिलेलंच नाही म्हणे. नकाशावर लाल शाईने रस्ता आखलाय.

तुझा खोकला आणि तू, दोघं सुखी असा.

तुझा,
धाकटा


१५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

फोटो कपाटावर लावला आहे. गाडी चांगली झाली. ती रेघ तू ओढलीस की कारागिराने? तू ओढली असशील तर हात अजून बाबांचा आहे.

डॉक्टर गाडी रोज धुतात म्हणालास. कातडं आहे ते, दगड नाही, एवढं त्यांच्या कानावर घाल. बाकी विशेष नाही. इकडे थंडी आहे. टोपी घालते.

सुखी असा.

तुझी,
अक्का


२३ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न.

शनिवारी सकाळी डॉक्टरांच्या गाडीला अपघात झाला. बाई गेल्या. जागीच गेल्या.

घाटाच्या उतारावर समोरून ट्रक आला, त्याचा वारा लागला आणि बॉनेट उघडून काचेवर आपटलं. डॉक्टरांना पुढचं काही दिसलं नाही. गाडी पुलाच्या कठड्याला लागली, बाईंच्या बाजूने. डॉक्टरांच्या खांद्याचं हाड मोडलं आहे, शुद्धीवर आहेत. पोलिसांनी मला बोलावलं म्हणून मी तिथे जाऊन आलो. पट्टा एका बाजूने लोंबत होता. अक्का, तुझा एकही टाका उसवलेला नाही. बक्कलही शाबूत आहे. कातडं सैल पडलं होतं, बकलाचा काटा भोकातून निसटला. पट्ट्यावर हात मारून बघायचं कुणाला सुचणार! रोज पाण्याने भिजायचं, रोज उन्हात वाळायचं.

तू कातड्याबद्दल लिहिलं होतंस. मी समजलो की डाग पडतील म्हणून म्हणते आहेस, पहिल्या सर्व्हिसिंगला सांगू. ती सर्व्हिसिंग पुढच्या मंगळवारी होती.

वाहन खात्याचे तपासनीस आले होते. कुलूप कुठे आहे, खिट्टी कुठे आहे, विचारलं. मी म्हटलं, काढली. का काढली, तर म्हटलं, दिसायला वाईट दिसत होती. वर्कशॉपला सील लागलं आहे. वहिनी जेवायला वाढते आणि समोर बसते, मी दोन घास खाऊन उठतो.

तू काळजी करू नकोस असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल.

धाकटा


१ मार्च

चि. धाकट्यास,
आ.

पत्र मिळालं. बाईंना मी पाहिलंही नव्हतं आणि त्यांची वही मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही.

तू वेळेवर जेव. वकील कर, ओळखीचा नको, जाणता कर. तपासनिसांनी आणखी काय विचारलं ते लिही. पट्टा कुणी शिवला हे विचारलं का? माझी पत्रं तुझ्याजवळ असतील, ती कुणी मागितली का? मला खोकल्यामुळे बसवत नाही, म्हणून इथेच थांबते.

तुझी,
अक्का


१२ मार्च

ती. अक्कास,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तू विचारलंस त्याचं उत्तर आधी देतो म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. तुझं नाव मी घेतलेलं नाही आणि घेणार नाही. पट्टा बाजारातून आणला असं सांगितलं, डॉक्टरांना त्याबद्दल कुणी विचारलेलं नाही. कुणाच्या सल्ल्याने खिट्टी काढली असं तपासनिसांनी दोनदा विचारलं, मी म्हटलं, कुणाच्याही नाही, माझीच अक्कल. तुझं चोवीस जानेवारीचं पत्र त्याच दिवशी जाळलं. सुनावणी अठ्ठावीस मार्चला आहे. वकील म्हणतात निष्काळजीपणाने मृत्यू, तुरुंग टळणं कठीण. काही नाही झालं तरी हा धंदा मला परत करता येणार नाही, आणि करायची इच्छाही नाही. घरी होती ती हत्यारं कारागिरांना वाटून टाकली. बाबांची हातोडी ठेवली आहे.

काल डॉक्टर घरी आले होते. हात गळ्यात, दाढी वाढलेली. मी उभाच राहिलो. त्यांनी बाईंची वही आणली होती. शेवटच्या पानावर आपल्याच गाडीचा फोटो चिकटवलाय आणि बाण काढून काढून मार्क दिलेत. आऱ्यांना सहा, रेघेला नऊ. पट्ट्यावर लिहिलंय, दहापैकी दहा, हा एकटा खरा. मला ते पान दाखवून डॉक्टरांनी एवढंच विचारलं, “ही म्हणायची तसं काही नाही, पट्टा शोभेचाच होता ना हो? आत दुसरं काही असेलच ना?”

मी म्हटलं, “नव्हतं. तोच होता.”

वही मिटत ते म्हणाले की आपण रोज धुताना त्या बकलाला फडक्याने चमकवत होतो, एकदा जरी ओढून पाहिलं असतं तर. अक्का, तो माणूस स्वतःला दोष देतोय आणि मी त्याच्यासमोर उभा आहे. त्याने मला थोबाडीत मारली असती तर मला बरं वाटलं असतं.

तुला मात्र एक सांगतो, नीट ऐक. तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझा काय दोष? जे मानत होतीस तेच लिहिलंस. तुझ्या शिलाईवर तुझा विश्वास होता, कातडं असं दगा देईल ही शंका तुला शिवलीसुद्धा नव्हती. शंका मला आली होती. शंका येऊन गप्प बसला त्याचा दोष, असं बाबाही म्हणाले असते. त्या एकाच विचारावर मी सध्या उभा आहे, की आपल्या घरातून तो दोष फक्त माझ्या वाट्याला आला आहे. निदान तू त्यात नाहीस.

खोकल्याचं औषध चुकवू नकोस. तुझा लोभ आहे म्हणून चाललंय.

तुझा,
धाकटा


१९ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद लिहायचा मला हक्क उरलेला नाही, तरी अ. उ. आ.

तुझं पत्र मी चार दिवस उशाशी घेऊन आहे. तू शिव्या दिल्या असत्यास तर मी त्या गिळल्या असत्या आणि मरेपर्यंत गप्प राहिले असते, कारण मी तशीच आहे. पण तू लिहिलंस की शंका मला शिवली नव्हती.

सोबत एक पत्र आहे. तारीख बघ. ते लिहून मी पाकीट बंद केलं, पत्ता घातला, तिकीट लावलं आणि टपालपेटीपर्यंत गेले. पेटीच्या तोंडात हातही घातला. मग मला तू दिसलास, वहिनी आणि कारागिरांसमोर पत्र मोठ्याने वाचणारा, आणि ती काचेची चौकट. मी पाकीट पिशवीत परत टाकलं. म्हटलं, उन्हाळ्यात येईल तेव्हा हसत हसत सांगू. नऊ तारखेचं तुझं पत्र आलं, डॉक्टर रोज धुतात वाचलं. त्याही दिवशी पाकीट पिशवीतच होतं. मी तुला काय लिहिलं, तर कातडं दगड नाही. एवढीच जीभ उचलली. आणि अपघात झाल्यावर पहिलं काय विचारलं, तर माझं नाव आलं का. हे मीच लिहिलं, माझ्या हाताने.

तू माझं पत्र जाळलंस. मला सवय आहे, प्रत्येक पत्राचा आधी खर्डा करते. चोवीस तारखेचा खर्डा आणि सोबतच्या पत्राची नक्कल तपासनिसांना रजिस्टरने पाठवली आहे. पट्टा मी शिवला आणि खिट्टी मी काढायला लावली, असं वर सही करून लिहिलं आहे. अठ्ठावीसला मी येते. तिकीट काढलं. डॉक्टरांना भेटायचं आहे. काय बोलायचं ते ठाऊक नाही, पण त्यांनी बक्कल ओढून पाहिलं नाही म्हणून काही झालं नाही, एवढं मला त्यांना सांगितलंच पाहिजे.

तू ज्या एका विचारावर उभा होतास तो मी तुझ्या पायाखालून काढून घेते आहे. मला क्षमा करू नकोस. स्टेशनवर घ्यायला आलास तर ये, नाही आलास तर पत्ता माहीत आहे.

तुझी,
अक्का


(सोबतचे पत्र)

२७ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मागचं पत्र चुलीत घाल. पार्सल गेलं आणि मला चैन पडेना, म्हणून उरलेली कातड्याची पट्टी बादलीत भिजवली, कपाटाच्या कडीला अडकवली आणि तिला इस्त्री टांगली. दुपारपर्यंत बोटभर लांबली. बोटभर म्हणजे बकलाचं एक भोक रे. शिलाई कितीही पक्की असली तरी कातडं ते कातडंच. आणि नवी गाडी घेतलेला माणूस पहिले पंधरा दिवस तिला रोज आंघोळ घालतो.

तेव्हा खाली खिट्टी राहू दे. जीभ दिसली तर दिसली. बाई बरोबर म्हणतात, कोण वाकून बघणार आहे. मी बाबांच्या नावाखाली माझा ताठा चालवत होते. बाबांनी तरी तुझ्या सायकलची चाकं कधी सोडवली होती? तू सोडलीस असं लिहिलं, पण ती मीच सोडवली, आणि तू पडलास, हनुवटीवरची खूण अजून आहे.

घे आता, तुला चौकटीत घालायला हवं होतं ना? धाकट्याचं खरं आहे. अक्काचं चुकलं. मोठ्या अक्षरात लिहिलंय, पाहुण्यांना लांबून दिसेल.

आज टपाल निघून गेलं. उद्या सकाळी पहिल्या टपालाला टाकते, म्हणजे जाळीला हात लावायच्या आत तुला मिळेल.

तुझी,
अक्का